शेवटच्या बेटावरचं दही

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, आणि मला तो फारसा आवडला नाही. सारखा आवाज. माणसानं जरा गप्प बसावं म्हटलं तर हाच बोलत राहतो. मी शिकवायची त्या शाळेतल्या तिघीचौघींनी मिळून सहल काढली होती. बाकीच्या जणी पातळं वर धरून पाण्यात शिरल्या आणि मी वाळूवर सगळ्यांच्या चपला राखत बसले. त्यातली एक ओल्या पायांनी परत आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही तर समुद्रावर पुस्तक लिहिलं नं? मग अशा काहून बसल्या?" मी म्हटलं, "ते नागपूरच्या समुद्राचं पुस्तक आहे." तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नव्हते.

पुस्तक लिहिलं तेव्हा मी महालातल्या एका मुलींच्या शाळेत चौथीला शिकवत होते आणि सक्करदऱ्याला, तलावापासून पाच मिनिटांवर, दोन खोल्यांत राहत होते. मोठं पाणी म्हणून मला जे काही माहीत होतं ते त्या तलावाचं. उन्हाळ्यात काठाकाठानं चिखल दिसायचा, म्हशी डुंबायच्या, श्रावणात पायऱ्या बुडायच्या. याच्या शंभरपट मोठं आणि खारट काढलं की झाला समुद्र, असा माझा हिशेब.

पण पुस्तक नंतरचं. आधी गोष्ट होती, आणि ती फक्त एका मुलीसाठी होती. माझी थोरली बहीण लांबलेल्या आजारपणात गेली तेव्हा तिची मुलगी दोन वर्षांची होती. भाऊजी भिलाईला नोकरीला. एकटा माणूस, पाळ्यांची ड्युटी, पोरीला कोण पाहणार? म्हणून माझी भाची माझ्याकडे आली आणि पाच वर्षं राहिली. मी सकाळी तिला शेजारच्या काकूंकडे सोडायची आणि दुपारी शाळा सुटली की धावत घरी यायची. त्या पाच वर्षांत मी कुठल्याही लग्नाला पूर्ण थांबले नाही की कुणाकडे निवांत बसले नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं.

नातेवाइकांनी अर्थातच सुचवलं. मी बिनलग्नाची, भाऊजी विधुर, मध्ये आईविना पोर. लोकांना यात विचार करण्यासारखं काही वाटत नव्हतं. भाऊजी वाईट माणूस नव्हते. मला ते नवरा म्हणून नको होते, एवढंच. मी नाही म्हटलं आणि त्यांनीही सुटकेचा श्वास सोडला असावा. त्या नकाराचा अर्थ पुढे काय होणार हे मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळत होतं. मी तिकडे पाहत नव्हते.

संध्याकाळी भात शिजेपर्यंत गोष्ट चालायची. माझ्याकडे आईची लाकडी काथवट होती, कणीक मळायची, चांगली मोठी. भाची त्यात बसायची आणि ती तिची नाव. गोष्टीतली मुलगीही काथवटीतच बसून समुद्रावर निघाली होती. रोज एक बेट. कासवांचं बेट, जिथे सगळे हळूहळू बोलतात. शिंपल्यांची शाळा, जिथे तोंड उघडलं की शिक्षा. देवमाशाच्या पाठीवरचं बेट, जे रात्रीतून जागा बदलतं. मुलगी कशाला निघाली हे मी कधी सांगितलं नाही, पण भाचीनं ते आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं. नवीन बेट आलं की ती विचारायची, "इथे आई आहे का?" मी म्हणायची, "इथे नाही." मग ती म्हणायची, "बरं, पुढच्या." त्यामुळे त्या गोष्टीला शेवट करताच येईना.

आता दह्याचं सांगते. आमच्याकडे कुणी गावाला निघालं की निघताना त्याच्या तळहातावर दही घालतात. ते चाटायचं आणि मग उंबरा ओलांडायचा, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो. भाऊजी दोन-तीन महिन्यांनी पोरीला भेटायला येत आणि जाताना मी त्यांच्या हातावर दही घालायची. ते जायचे आणि परत यायचे. त्यामुळे भाचीचा दह्यावर पक्का विश्वास होता. एकदा ते गेल्यावर तिनं दार लावता लावता मला विचारलं, "मावशी, आईले कोणी दही नव्हतं दिलं का?" मी भाताला पाणी कमी पडलं म्हणून आत गेले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या समुद्रातले सगळे दही द्यायला लागले. कासव द्यायचं, शिंपल्यांची बाई द्यायची, देवमासा शेपटीच्या टोकावर वाटी ठेवून द्यायचा. मुलगी बेट सोडायला निघाली की ते तिच्या हातावर दही घालत आणि म्हणत:

लाट म्हणे पुढे चल, वारा म्हणे थांब,
हातावर दही घे गं, वाट तुझी लांब.

हे भाची माझ्यासोबत म्हणायची आणि रिकामा तळहात चाटायची.

ती सात वर्षांची झाली तेव्हा भाऊजींनी दुसरं लग्न केलं. त्यांनी आधी पत्र लिहून मला विचारल्यासारखं केलं आणि मी संमती दिल्यासारखं केलं. लग्नानंतर दोन महिन्यांनी ते तिला न्यायला आले. रविवारची सकाळ होती. आदल्या दिवशी संध्याकाळी मी दूध कोमट करून चिनी मातीच्या वाटीत विरजण लावलं होतं आणि वाटी फडताळात ठेवली होती. मी रडणार नाही असं ठरवलं होतं आणि रडले नाही. पण एक गोष्ट मी धरून चालले होते, की ती रडेल. ती रडली नाही. भाऊजींनी नवे बूट आणले होते, ते घालून ती घरभर टकटक चालत होती. गाडीत खिडकीची जागा मिळेल का, तिथल्या घराला गच्ची आहे का, नवी आई गोष्टी सांगते का, असं तिचं चालू होतं. मी तिची वेणी घालत होते आणि माझ्या डोक्यात एकेक शब्द खिळ्यासारखा शिरत होता. पाच वर्षं, आणि हिला बुटांचं कौतुक.

निघताना ती दारात माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं उजवा तळहात पुढे केला. मी म्हटलं, "विरजण नाही लागलं. चल, उशीर होऊन राहिला." तिनं हात क्षणभर तसाच ठेवला. मग फ्रॉकला पुसला, हाताला काहीच लागलेलं नसताना. भाऊजी म्हणाले, "असू द्या, असू द्या." सायकलरिक्षात बसल्यावर ती रिक्षावाल्याला बूट दाखवत होती. रिक्षा वळायच्या आधीच मी दार लावून घेतलं. दही उत्तम लागलं होतं. दोन दिवसांनी ते आंबट होऊन गेलं तेव्हा मी ते फेकलं आणि वाटी घासून ठेवली.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा दह्याचं काय घेऊन बसली आहे ही बाई. मलाही तसंच वाटायचं. मी दर आठवड्याला तिला पत्र लिहायला लागले, मोठ्या अक्षरात, बेटांसकट. महिन्या-दीड महिन्यानं भाऊजींचं उत्तर आलं. सभ्य पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं की तुमचं पत्र आलं की ती दोन दिवस नीट जेवत नाही आणि नव्या आईशी बोलत नाही. थोडे दिवस पत्र आणि येणं-जाणं दोन्ही थांबवलं तर पोर रुळेल. मोठी झाली की ती आपण होऊन लिहील, तेव्हा मी अडवणार नाही. मी उलटटपाली कार्ड टाकलं: "मान्य आहे. ती लिहील तेव्हाच मी लिहीन." थोडे दिवस म्हणजे किती, हे त्यांनी लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. माझा स्वभाव असाच आहे. एकदा शब्द दिला की मी त्याला अशी चिकटते की समोरचा विसरला तरी मी सोडत नाही. लोक याला बाणेदारपणा म्हणतात. मी आता त्याला दुसरं नाव देते, पण ते जाऊ द्या.

संध्याकाळी भात शिजायला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं किती मोठी असतात हे मला त्या दिवसांत कळलं. काथवट भिंतीला उभी करून ठेवली होती. मी पहिले काही महिने वर्तमानपत्र वाचलं, मग शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले, मग एके दिवशी जुन्या तपासलेल्या वह्यांची कोरी पानं फाडून गोष्ट लिहायला घेतली. पत्र लिहायचं नाही असं कबूल केलं होतं. पुस्तकाचं कुणी काही बोललं नव्हतं. छापील पुस्तक कुणाही मुलीच्या हातात पडू शकतं, भिलाईतल्या एखाद्या मुलीच्यासुद्धा. तिथे ती हिंदी शाळेत जाणार हे मला माहीत होतं, पण अक्षरं तर तीच आहेत. ती वाचेल, तिला सगळं आठवेल, आणि ती मला एक कार्ड लिहील. एवढ्यासाठी मी पुस्तक लिहिलं. बालवाङ्मयाची सेवा वगैरे मी नंतर एका सत्कारात ऐकलं.

महालात एक छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं तिथे छापत. मालक जाड भिंगांचा चष्मा लावून स्वतःच शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. मी प्रश्नपत्रिका द्यायला जायची म्हणून ओळख होती. त्यांनी वह्या ठेवून घेतल्या आणि आठवड्यानं म्हणाले, "बाई, छापतो मी. पण याले शेवट पाहिजे. पोरगी घरी गेली पाहिजे. नाहीतर पोरं झोपणार नाहीत." मला ते पटलं. मी शेवटचं बेट लिहिलं. त्यावर एक म्हातारी राहते, जाळी विणते, कुणाशी फार बोलत नाही. मुलगी तिच्याकडे राहते, जाळ्याच्या गाठी मारायला शिकते. मग एके दिवशी म्हातारी म्हणते, आता घरी जा, आणि काथवट पाण्यात लोटते. ती म्हातारी कोण हे सांगायला नको. त्या म्हातारीनंही दही दिलं होतं. बारा ओळी होत्या, त्यातल्या दोन कवितेच्या. हस्तलिखितात त्या होत्या.

छपाई संपत आली तेव्हा मालकांनी निरोप पाठवला. सोळा-सोळा पानांचे चार फॉर्मे भरले होते आणि बारा ओळी उरल्या होत्या. "एक तर बारा ओळी काढा, नाहीतर बारा ओळींसाठी नवा फॉर्मा लावावा लागते. ते मले जमत नाही," ते म्हणाले. आणि त्यांनीच सुचवलं, "शिंपल्याची शाळा थोडी लांबली आहे. तिथून काढा." शिंपल्यांच्या शाळेतून बारा काय, वीस ओळी निघाल्या असत्या. मी लाकडी स्टुलावर बसून शेवटचं पान वाचलं. म्हातारी दही देते, मुलगी चाटते, म्हातारी म्हणते वाट तुझी लांब. वाचता वाचता माझ्या अंगाची आग झाली. माझ्या दारात असं झालं नव्हतं. मी कुठली देणारी? आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. मला वाटलं, कळू दे तिला. वाचेल तेव्हा तिला जाणवू दे की म्हातारीला वाईट वाटलं होतं. सात वर्षांच्या पोरीवर माझा राग अजून गेला नव्हता. मी पेन्सिलीनं त्या बारा ओळींवर आडवी रेघ मारली.

मालकांनी चष्मा वर करून पाहिलं. "ह्याच काहून काढल्या बाई? पोरं विचारतील."

"विचारू द्या," मी म्हटलं.

हा माझ्या पुस्तकाला मिळालेला पहिला वाचक आणि त्याचा पहिला अभिप्राय. त्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

पुस्तकाच्या मागच्या पानावर माझा पत्ता छापायला सांगितला, ठळक खिळ्यांत. मालक म्हणाले इतका मोठा पत्ता तर लग्नपत्रिकेत मंगल कार्यालयाचाही नसतो. पहिली प्रत मी रजिस्टर पार्सलनं भिलाईला पाठवली. आत चिठ्ठी घातली नाही. शब्द दिला होता. दहा-बारा दिवसांनी पोच आली, भाऊजींच्या सहीची. म्हणजे पुस्तक घरात पोहोचलं होतं. आता वाट पाहायची.

आणि पत्रं यायला लागली. मला वाटलं नव्हतं इतकी. शाळाशाळांतून पुस्तक फिरलं, खेड्यांतल्या वाचनालयांत गेलं, एका शिक्षकानं दुसऱ्याला दिलं. मुलांनी त्याला दह्याचं पुस्तक असं नाव पाडलं. पोस्टमन दुपारी यायचा तेव्हा मी शाळेत असायची, म्हणून काकू पत्रं घेऊन ठेवायच्या. मी घरी आले की आधी सगळी कार्डं उलटी करून शिक्के पाहायची. काटोल. उमरेड. वर्धा. भंडारा. भिलाई नाही. मग चहा ठेवायची आणि मग वाचायची.

काटोलजवळच्या एका मुलीनं लिहिलं होतं की आमच्या संत्र्याच्या बागेत पाट आहे, त्यात मी कागदाची नाव सोडली आणि आधी तिच्यावर दही घातलं, तर ती भिजून बुडाली, आता काय करू. तिला मी लिहिलं की दही नावेवर घालत नाहीत, नावेत बसणाऱ्याच्या हातावर घालतात. एका आईचं रागाचं पत्र आलं: आमचा मुलगा दही दिल्याशिवाय शाळेला जात नाही, रोज सर्दी होते, याला जबाबदार कोण. एका निवृत्त साहेबांनी, शाळा तपासण्यात ज्यांची हयात गेली होती, तीन पानी पत्र लिहून मुलांच्या मनावर वैज्ञानिक दृष्टी बिंबवण्याऐवजी आपण काय बिंबवता आहात असं विचारलं, आणि शेवटी लाल शाईनं लिहिलं: आपल्या पुस्तकात समुद्रात म्हैस डुंबते, ती कुठून आली? मी त्यांना उत्तर पाठवलं की साहेब, म्हैस तशीही दिवसभर पाण्यातच असते. त्यावर त्यांनी परत लिहिलं नाही.

कोकणातल्या एका गुरुजींचं पत्र मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी फार नम्रपणे लिहिलं होतं की आपली नायिका संध्याकाळी नाव काठाशी खुंटाला बांधते आणि सकाळी ती तिथेच पाण्यावर तरंगताना सापडते. ओहोटी लागल्यावर ती चिखलात कलंडलेली सापडेल. आमची मुलं इथे हसतात. मी डोक्याला हात लावला. भरती-ओहोटी मी चौथीच्या वर्गात दर वर्षी शिकवत होते आणि पुस्तकात तिचा पत्ता नव्हता. नागपूरच्या एकाही वाचकाला ती चूक दिसली नाही. आमचं पाणी गेलं तर वैशाखात जातं आणि श्रावणात येतं. रातोरात काठ सोडून जाणारं पाणी आम्ही कुठे पाहिलं?

पण मुलांची बहुतेक पत्रं एकाच ठिकाणी येऊन थांबायची. शेवटच्या म्हातारीनं दही काहून नाही दिलं? कुणी वेगळ्या शब्दांत, कुणी चित्र काढून. एकानं म्हातारीच्या हातात वाटी काढून पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, मी दिली आहे. मी दर पत्राला नवं खोटं उत्तर द्यायची. म्हातारी विसरली. म्हातारीच्या बेटावर मांजर होतं. पान संपलं. शाळेत माझ्याच वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मले माहीत आहे. म्हातारीले राग आला होता." मी तिला म्हटलं, जा, डबा खा.

वर्षं गेली. पत्रं कमी झाली, मग थांबली. पुस्तकाच्या प्रती संपल्या, छापखाना मालकांच्या मुलानं दुसऱ्या धंद्यासाठी वापरला. काकू मुलाकडे पुण्याला गेल्या आणि त्यांच्या खोलीत दुसरे लोक आले. मी घर बदललं नाही. चांगली घरं सांगून आली होती, शाळेच्या जवळ, नळ आत असलेली. पण मागच्या पानावर पत्ता छापला होता. तो बदलला तर कार्ड कुठे येईल? हे मी कुणाला सांगितलं नाही. घरमालकाला म्हटलं, तलावाची हवा चांगली आहे. संध्याकाळी घरी आल्यावर मी आधी दाराखालच्या फटीत पाहायची. ही सवय इतकी अंगात मुरली की सुट्टीच्या दिवशी घरातच असले तरी दुपारी चारला जाऊन फटीत पाहून यायची. भाऊजींना एक पत्र टाकून विचारणं फार सोपं होतं. कशी आहे पोरगी, एवढंच. मी नाही टाकलं. ती लिहील तेव्हाच मी लिहीन.

ती आली तेव्हा तेरा वर्षं झाली होती. ऐंशी साल मागे पडलं होतं. दुपारची वेळ, शाळेला दिवाळीची सुट्टी. दारात एक उंच मुलगी उभी, खांद्याला पर्स, हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "मावशी." मग मी ओळखलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो, "जेवलीस का?"

ती लग्नाची पत्रिका द्यायला आली होती. बाबा म्हणाले पोस्टानं पाठवू, पण मी म्हटलं नागपूरच्या पत्रिका मी स्वतः देऊन येते, असं तिनं सांगितलं. चारच्या गाडीनं परत जायचं होतं. मी पोहे टाकले. ती पाटावर बसली आणि खोलीकडे पाहत राहिली. तिचं मराठी थोडं हिंदीकडे झुकलं होतं. मुलगा चांगला आहे म्हणाली, रायपूरचा आहे. नवी आई चांगली आहे म्हणाली, तिनंच माझं सगळं केलं. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही खरं होतं.

पुस्तकाचं विचारायचं नाही असं मी पोहे परतताना ठरवलं होतं. ताटली तिच्या हातात देता देता विचारलं. "तुले पुस्तक भेटलं होतं का गं?"

"भेटलं होतं. बाबांनीच दिलं. पाठ आहे मले पूर्ण." ती दोन घास खाऊन थांबली. "शेवटचं पान वाचलं तर वाटलं, काही पानं निघाली असतील मधून. मी पानांचे नंबर पाहिले. बरोबर होते सगळे."

"मग?"

"मग समजलं."

"काय समजलं?"

"की परत यायचं बोलावणं नाही म्हणून."

मी तिला छापखान्याचं सांगायला लागले. चार फॉर्मे, उरलेल्या बारा ओळी, नवा फॉर्मा लावणं मालकांना जमत नव्हतं ते. ती मान हलवत ऐकत होती, मोठी माणसं काही सांगतात तेव्हा ऐकतात तसं. ऐकता ऐकता तिनं घड्याळ पाहिलं नाही, पण तिला ते पाहावंसं वाटलं हे मला दिसलं. मग मी थांबले. मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, "ते ओळींचं जाऊ दे. मीच काढल्या त्या. मले राग आला होता. आणि तू गेलीस त्या दिवशी दही लागलं होतं. मी खोटं बोलली."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "सकाळी तू अंघोळीले गेली तेव्हा मी फडताळ उघडून पाहिलं होतं. वाटी तिरपी केली तरी हललं नव्हतं."

मला वाटलं होतं ती बुटांमध्ये रमली आहे. सात वर्षांची पोर ते पोटात ठेवून दारात हात पुढे करून उभी राहिली होती, मी काय करते ते पाहायला. मी खाली बसले. आणि माझ्या तोंडून निघाली ती तक्रारच. मी म्हटलं, "मग एक कार्ड टाकायचं नं वं. एक ओळ. तेरा वर्षं मी वाट पाहून राहिली, तू लिहिशील म्हणून."

तिनं ताटली खाली ठेवली. ती रागावली नव्हती. तिला खरोखर नवल वाटलं होतं.

"तू लिहायचं नं, मावशी," ती म्हणाली. "मी तर लहान होती."